सोलापूर ते परदेश: विमानाचे अंतर आणि लागणारा वेळ

सोलापूर विमानतळापासून मुंबई सरळ रेषेत सुमारे ३६० किलोमीटर आहे. रेल्वेने तेच अंतर ४५५ भरते. ताशी ८०० किलोमीटर वेगाच्या जेटला अर्धा तासही लागू नये, तरी वेळापत्रक तासाभराच्या आसपासचे असते. कारण छापलेली वेळ फक्त हवेतली नसते. विमान जागेवरून हलल्यापासून ते मुक्कामाच्या जागी उभे राहीपर्यंतची ती मोजणी असते. त्यात धावपट्टीपर्यंतची वाट, चढण आणि मुंबईच्या आकाशात उतरण्यासाठीची रांग हे सगळे धरलेले असते.

लांबच्या मार्गावर ही मिनिटे किरकोळ ठरतात. तिथे हिशेब बिघडवतात ते इंधन, वारे आणि सरहद्दी.

८ जून १९४८ ला एअर इंडियाची ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघाली ती कैरो आणि जिनिव्हाला थांबत, आणि पोचली १० जूनला. दट्ट्याच्या इंजिनांना एवढी मजल एका दमात झेपत नव्हती. १९६० मध्ये बोइंग ७०७ आल्यावर दिवसांचे तास झाले. आज हे सुमारे ७,२०० किलोमीटर विनाथांबा नऊ-दहा तासांत कापले जातात. परतीला मात्र साधारण तासभर कमी लागतो, कारण उंचावरचे वेगवान वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात.

या वाऱ्यांचे बळ २०१६ च्या ऑक्टोबरात स्पष्ट दिसले. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून सुमारे १३,९०० किलोमीटर जात असे. ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून वाऱ्याच्या दिशेने वळवले, अंतर वाढून सुमारे १५,३०० झाले, आणि तरीही प्रवास साडेचौदा तासांत उरकला, म्हणजे पूर्वीपेक्षा कमी वेळात. म्हणून नुसते किलोमीटर पाहून वेळ ठरवू नये. सरहद्दींचे उलट आहे: २०१९ मध्ये काही महिने आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचे आकाश भारतीय विमानांना बंद झाले. दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्यांना त्याचा वळसा जास्त बसला, मुंबईकरांना तुलनेने कमी.

सोलापूरकरांचा पहिला टप्पाच वर्षानुवर्षे अडला होता. किंगफिशरची मुंबई सेवा बंद पडल्यावर नियमित विमान उरले नाही. सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटरची चिमणी उड्डाणाच्या आड येत होती. ती १५ जून २०२३ ला पाडली. सप्टेंबर २०२४ मध्ये विमानतळाचे उद्घाटन, ९ जून २०२५ ला गोव्याची सेवा आणि १५ ऑक्टोबरला मुंबईची. धावपट्टी सुमारे २,१०० मीटरचीच असल्याने लांब पल्ल्याची मोठी विमाने इथून उडत नाहीत.

घरी अंदाज काढायचा तर सरळ रेषेतले अंतर ८५० ने भागावे, त्यात पाऊण तास मिळवावा आणि पश्चिमेकडे जाताना वाऱ्यासाठी आणखी तासभर धरावा. मुंबईतला बदल वेगळा मोजायचा. दोन तिकिटे स्वतंत्र असतील तर सामान ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते, शिवाय आंतरराष्ट्रीय उड्डाणाला तीन तास आधी हजर राहायचे असते. सोलापूरचे विमान उशिरा आले आणि पुढचे चुकले, तर अशा वेगळ्या तिकिटावर दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही.