मेसेज कुणी वाचत नाही, पण नोंद कोण ठेवतं?

जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲप उघडलं की पडद्यावर एक सूचना यायची: नवे नियम ८ फेब्रुवारीपर्यंत मान्य करा, नाहीतर ॲप वापरता येणार नाही. त्याच सुमारास इलॉन मस्क यांनी ‘सिग्नल वापरा’ एवढंच ट्वीट केलं आणि सिग्नल या दुसऱ्या मेसेजिंग ॲपवर अशी झुंबड उडाली की १५ जानेवारीला त्यांची सेवाच कोलमडली. घरोघरी सिग्नलवर ‘फॅमिली’ नावाचे नवे ग्रुप निघाले आणि काही आठवड्यांत त्यातले बरेचसे ओस पडले. आत्याला तिथे स्टेटस टाकता येत नव्हतं, काकांना ते ॲप उघडायचं लक्षातच राहत नव्हतं, आणि शाळा, दूधवाला, सोसायटीचे सेक्रेटरी ही सगळी मंडळी व्हॉट्सॲपवरच होती.

गंमत म्हणजे त्या सूचनेत लोकांचे खासगी मेसेज वाचण्याबद्दल काहीच नव्हतं. भानगड होती ती व्यावसायिक खात्यांशी होणाऱ्या संवादाची आणि वापरकर्त्यांची माहिती फेसबुकच्या इतर सेवांना देण्याची. ‘मान्य करा, नाहीतर चालते व्हा’ या पवित्र्यासाठी भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला, म्हणजे फेसबुक आणि व्हॉट्सॲपच्या मालक कंपनीला, २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. लोक घाबरले ते मात्र ‘आता आपले मेसेज वाचणार’ म्हणून. म्हणजे भीती खरी होती, पत्ता चुकला होता. मेसेजिंग ॲप निवडताना आजही आपला पत्ता असाच चुकतो.

आधी मेसेजचं बघू. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचे सगळे खासगी संवाद एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, आणि त्यासाठी वापरलेली पद्धत सिग्नलचीच आहे. मेसेज तुमच्या फोनवर कुलूपबंद होतो, समोरच्याच्या फोनवर उघडतो, मधल्या सर्व्हरला नुसता अक्षरांचा काला दिसतो. इथे कुणालाही प्रश्न पडावा की दोन्ही फोनना एकच किल्ली हवी, तर ती किल्ली पोहोचते कशी? तीही त्याच सर्व्हरवरून गेली, तर सर्व्हरला ती दिसणारच की!

याचं उत्तर १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या दोन संशोधकांनी दिलं. कागद-पेन्सिल घेऊन करून बघण्यासारखं आहे. समजा सांगलीतली आजी आणि पुण्यातला नातू यांनी दोन आकडे उघडपणे ठरवले: २ आणि ११. आजीने मनात ३ धरला, नातवाने ६. मनातला आकडा कुणी कुणाला सांगायचा नाही. आजी २ चा तिसरा घात काढते, म्हणजे ८, त्याला ११ ने भागते, बाकी ८. ती ८ पाठवते. नातू २ चा सहावा घात काढतो, ६४, भागिले ११, बाकी ९. तो ९ पाठवतो. वाटेत कान देऊन बसलेल्याला २, ११, ८ आणि ९ हे चारही आकडे समजले. आता आजी नातवाच्या ९ चा तिसरा घात काढते: ७२९, भागिले ११, बाकी ३. नातू आजीच्या ८ चा सहावा घात काढतो: २,६२,१४४, भागिले ११, बाकी पुन्हा ३. दोघांकडे एकच किल्ली तयार झाली, आणि ती वाटेवरून गेलीच नाही.

११ सारख्या लहान आकड्याला मनातला आकडा कुणीही दोन मिनिटांत हुडकून काढेल. प्रत्यक्षात ॲप जी गणितं वापरतात त्यात ११ च्या जागी ७७ अंकी संख्या असते आणि घातांऐवजी वक्रावरच्या बिंदूंची बेरीज असते. तिथे उलट दिशेने जायचं तर आजच्या संगणकांना विश्वाचं वयसुद्धा पुरायचं नाही. शिवाय सिग्नलच्या पद्धतीत किल्ली दर मेसेजला बदलते, म्हणून एखादी चोरीला गेली तरी त्यावरून आधीचे मेसेज उघडत नाहीत. भविष्यातल्या क्वांटम संगणकांचा धोका ओळखून सिग्नलने २०२३ मध्ये त्यात आणखी एक थर चढवला.

व्हॉट्सॲपवर एखाद्याच्या नावावर टिचकी मारून ‘एन्क्रिप्शन’ उघडलंत तर ६० अंकांचा एक आकडा दिसतो. दोघांच्या फोनवर तो जुळला तर मध्ये कुणी बसलेलं नाही. कधी कधी चॅटमध्ये ‘सिक्युरिटी कोड बदलला’ अशी ओळ येते. बहुतेक वेळा समोरच्याने फोन बदललेला असतो किंवा ॲप नव्याने टाकलेलं असतं, पण त्याच माणसाने पाठोपाठ पैसे मागितले तर आधी फोन करून आवाज ऐकावा.

तेव्हा मेसेजच्या मजकुरापुरतं बोलायचं तर व्हॉट्सॲप आणि सिग्नल यांच्यात डावं-उजवं करण्यासारखं फारसं नाही. फरक आहे तो मजकुराच्या बाहेर. आंतरदेशीय पत्र चिकटवलेलं असलं तरी कुणी कुणाला धाडलं, कुठल्या टपालकचेरीतून, कुठल्या तारखेला, हे पोस्टमनला दिसतंच. इंटरनेटवर याला मेटाडेटा म्हणतात. रात्री अकराला एका नंबरशी, साडेअकराला वकिलाशी, सकाळी आठला डॉक्टरशी एवढी नोंद असली, तर मजकूर वाचायची गरज फार थोड्यांना पडेल.

व्हॉट्सॲप ही नोंद बऱ्यापैकी ठेवतं: तुमचा नंबर, संपर्कयादी, कुठल्या ग्रुपमध्ये आहात, कधी ऑनलाइन होता, कुठला फोन, कुठला आयपी पत्ता (इंटरनेटवर तुमच्या जोडणीला मिळालेला क्रमांक). अमेरिकेच्या एफबीआयचा २०२१ चा एक अंतर्गत दस्तऐवज बाहेर आला होता, त्यानुसार न्यायालयीन आदेश असेल तर कोण कोणाला मेसेज पाठवतंय याची माहिती व्हॉट्सॲपकडून दर १५ मिनिटांनी मिळू शकते. मजकूर नाही, नुसती ये-जा. सिग्नलचं उदाहरण याच्या बरोब्बर उलट. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका ग्रँड ज्युरीने सिग्नलकडे दोन फोन नंबरांची माहिती मागितली, त्यातल्या एकाचंच सिग्नलवर खातं होतं. कंपनीने जे होतं ते दिलं: खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. एवढंच, कारण याहून जास्त त्यांनी साठवलेलंच नव्हतं. माझ्या मते कुठल्याही गोपनीयता धोरणाच्या वीस पानांपेक्षा हा एक प्रसंग अधिक बोलका आहे.

सिग्नल हे करू शकतं, कारण त्याचं पोट जाहिरातींवर चालत नाही. ते एका ना-नफा प्रतिष्ठानाचं आहे, आणि २०१८ मध्ये त्यासाठी पाच कोटी डॉलर देणारे ब्रायन ॲक्टन हे व्हॉट्सॲपच्याच दोन संस्थापकांपैकी एक. २०१४ मध्ये फेसबुकने त्यांचं व्हॉट्सॲप सुमारे १९ अब्ज डॉलरना घेतलं, २०१७ मध्ये ते तिथून बाहेर पडले. एखादं ॲप फुकट असेल तर पगार कुठून होतात, एवढं विचारलं तरी निम्मी निवड होऊन जाते.

मेटाडेटा म्हणजे फक्त पोलीस आणि सरकार असंही नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी व्हिएन्ना विद्यापीठाच्या संशोधकांनी व्हॉट्सॲपला विचारायला सुरुवात केली की हा नंबर तुमच्याकडे आहे का, तो आहे का. कुणी अडवलंच नाही. तासाला दहा कोटींहून अधिक नंबर तपासत त्यांनी साडेतीनशे कोटी खाती हुडकून काढली, आणि ज्यांनी प्रोफाइल फोटो सर्वांसाठी खुला ठेवला होता त्यांचे फोटोही त्यांना दिसत होते. एन्क्रिप्शनला ओरखडाही न काढता! मेटाने नंतर ही फट बुजवली. पण प्रोफाइल फोटो, ‘लास्ट सीन’ आणि ‘ग्रुपमध्ये कोण घालू शकतं’ या तीन गोष्टी ‘माय कॉन्टॅक्ट्स’वर आणायला तुम्हाला मेटाची वाट बघायची गरज नाही.

आता टेलिग्राम. आपल्याकडे याला ‘सगळ्यात सुरक्षित’ समजणारे बरेच भेटतात आणि त्याचं मला नेहमी नवल वाटतं. २०१३ मध्ये दुरोव बंधूंनी काढलेलं हे ॲप सोयींच्या बाबतीत इतरांच्या पुढे आहे: दोन लाखांपर्यंत माणसांचे ग्रुप, दोन जीबीची फाइल, कुठल्याही संगणकावर लॉगिन केलं की जुनं सगळं समोर हजर. स्पर्धा परीक्षांच्या नोट्स आणि कोकणातल्या ट्रेकचे शेकडो फोटो पाठवायला उत्तम. पण सगळं कुठेही हजर होतं याचा अर्थच असा, की ते त्यांच्या सर्व्हरवर आहे आणि किल्लीही त्यांच्याकडेच आहे. मेसेजना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन फक्त ‘सीक्रेट चॅट’मध्ये, तेही माणसाच्या प्रोफाइलवर जाऊन मुद्दाम सुरू करावं लागतं, आणि ग्रुपला ते नाहीच. ऑगस्ट २०२४ मध्ये पावेल दुरोव यांना पॅरिसजवळ अटक झाली. पुढच्याच महिन्यात टेलिग्रामने धोरण बदललं: कायदेशीर मागणी आली तर नियम मोडणाऱ्यांचे फोन नंबर आणि आयपी पत्ते देऊ. मोकळेपणाने बोलायला म्हणून टेलिग्रामवर गेलेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

झोहो या भारतीय कंपनीचं अरट्टै हे मेसेजिंग ॲप २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ‘स्वदेशी’च्या लाटेवर एकदम वर आलं. तेव्हा त्याचे कॉल एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड होते, साधे मेसेज नव्हते. सर्व्हर भारतात असणं चांगलंच, पण सर्व्हर चेन्नईत आहे की कॅलिफोर्नियात यापेक्षा किल्ली कुणाच्या हातात आहे हा प्रश्न आधी येतो. ते वापरायचं असेल तर सेटिंगमध्ये जाऊन आज काय स्थिती आहे ते स्वतः बघा, व्हायरल मेसेजवर विसंबू नका.

सोय आणि खासगीपण यांची रस्सीखेच सगळ्यात स्पष्ट दिसते ती बॅकअपमध्ये. व्हॉट्सॲपचे मेसेज वाटेत कुलूपबंद असले तरी गुगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर जाणाऱ्या प्रतीला तुमच्या हातातल्या किल्लीचं कुलूप आपोआप लागत नाही. ‘एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप’ ही सोय २०२१ पासून आहे, पण ती चॅट बॅकअपच्या सेटिंगमध्ये जाऊन आपण चालू करायची असते. पासवर्ड विसरलात तर तो परत मिळवून देणारं कुणी नाही. सिग्नल तर अनेक वर्षं क्लाउड बॅकअप देतच नव्हतं. फोन लोकलमध्ये हरवला की आईचे जुने मेसेजही गेले. हा तोटा लहान नाही, आणि ‘सिग्नलच वापरा’ म्हणणाऱ्यांनी तो झाकून ठेवू नये. सप्टेंबर २०२५ पासून त्यांनीही ऐच्छिक बॅकअप सुरू केला आहे.

आणि कुलूप कितीही भक्कम असलं तरी घरात कुणाला घेतलं ते आपणच ठरवतो. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांनी येमेनवरच्या हल्ल्याच्या चर्चेसाठी सिग्नलवर ग्रुप केला आणि त्यात चुकून ‘द अटलांटिक’ या मासिकाच्या संपादकांना घेतलं. सिग्नलने आपलं काम चोख केलं: ग्रुपमधल्या प्रत्येकाला, म्हणजे संपादकांनाही, मेसेज सुरक्षित पोहोचवले. २०२० मध्ये मुंबईत एनसीबीच्या (केंद्राच्या अमली पदार्थविरोधी विभागाच्या) तपासाच्या काळात चित्रपटसृष्टीतल्यांचे व्हॉट्सॲप संवाद वाहिन्यांवर झळकले तेव्हाही ‘एन्क्रिप्शन फुटलं का’ अशी चर्चा रंगली. त्यासाठी एन्क्रिप्शन फुटावं लागत नाही. दोनपैकी एक फोन उघडा मिळाला की पुरतं.

याच एन्क्रिप्शनची दुसरी बाजू महाराष्ट्राने फार जवळून पाहिली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. अशा अफवा व्हॉट्सॲपवरूनच फिरत होत्या. त्याच महिन्यात भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आली. मेसेज मुळात कुणी लिहिला ते शोधता आलं पाहिजे, असा नियम केंद्राने २०२१ मध्ये केला, आणि त्याविरुद्ध व्हॉट्सॲप दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. एन्क्रिप्शन मोडायला लावलं तर आम्हाला भारतातून जावं लागेल, असं त्यांच्या वकिलांनी एप्रिल २०२४ मध्ये न्यायालयाला सांगितलं. ज्यांची माणसं राईनपाड्यात गेली त्यांच्यासमोर गोपनीयतेचा युक्तिवाद करणं सोपं नाही. तरीही मला वाटतं की एकाचा माग काढायचा तर प्रत्येकाच्या मेसेजवर खूण करावी लागते, आणि पुढे पाठवण्यावरची मर्यादा हा त्याहून कमी घातक उपाय आहे.

मग कुठलं ॲप? एकच निवडायचा हट्ट सोडला तर उत्तर सोपं होतं. सोसायटी, शाळा, लग्नाची आमंत्रणं व्हॉट्सॲपवर राहू द्या, कारण माणसं तिथे आहेत. मोठ्या फाइली, जाहीर चॅनल टेलिग्रामवर. आजारपण, पैशाचे व्यवहार, कोर्टकचेरी, पत्रकाराला द्यायची माहिती सिग्नलवर, आणि त्यासाठी चार-पाच जवळच्यांनी ते घेतलं तरी भागतं. २०२४ पासून तिथे फोन नंबर न सांगता नुसत्या युजरनेमवर बोलता येतं, याचा अनोळखी ग्रुपमध्ये वावरणाऱ्या बायकांना चांगला उपयोग होतो. व्हॉट्सॲपवर ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा सहा आकडी पिन टाकून ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर तो तुम्हीच बसून टाका आणि त्यांना बजावून सांगा की एसएमएसवर आलेला सहा आकडी कोड, मागणारा भाचा असो की ‘सीबीआय’चा साहेब, कुणालाही वाचून दाखवायचा नाही.