मेडिकल सोशल वर्कर म्हणजे फक्त बिलात सवलत मिळवून देणारा?

"मन मोठं असलं की झालं, गरीब पेशंटला सवलत मिळवून द्यायची" हे मेडिकल सोशल वर्करबद्दल, म्हणजे हॉस्पिटलात पेशंटच्या घरच्या-मनाच्या अडचणी सांभाळणाऱ्या सोशल वर्करबद्दल, इतक्यांदा ऐकलंय की आज लिहितेच. १९०५ मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट यांनी हे काम सुरू केलं तेच मुळी यासाठी, की घरची परिस्थिती कळल्याशिवाय उपचार वाया जातात. पाय कापलेल्या पेशंटचा उद्या डिस्चार्ज, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बायको रात्रपाळीला, आणि तो भिंतीकडे तोंड करून गप्प पडलाय, मग आधी त्याच्याशेजारी बसायचं, नंतर घरच्यांशी, डॉक्टरांशी, फिजिओशी बोलायचं, वेळ पडली तर तारीख पुढे ढकलायला लावायची. नुसत्या दयेनं जमत नाही हो हे, सोशल वर्कचं शिक्षण आणि वॉर्डातलं फील्डवर्क लागतं. नवीन असाल तर केस नोट, म्हणजे पेशंटशी काय बोलणं झालं आणि काय ठरलं याची नोंद, त्याच दिवशी लिहा, रात्रीच्या नर्सला तेवढाच आधार असतो.