कंदाला आधी मुळं, मग माती

हायसिंथ या सुवासिक फुलझाडाचा कंद उभा चिरला तर कांद्यासारखेच जाड पापुद्रे दिसतात. ते अन्नाचं कोठार. मधोमध येत्या हंगामाची कळी आधीच तयार होऊन बसलेली असते. आणि अगदी तळाशी एक टणक, चपटी चकती असते. हे या झाडाचं खोड, दबून बसकं झालेलं. मुळं फुटतात ती या चकतीतूनच. त्यामुळे लागवडीआधी मुळं फोडायची असतील तर सगळा कंद भिजवून उपयोग नाही, चकतीपाशी ओल आणि हवा दोन्ही पोचायला हवी. ओल सगळेच देतात. हवा विसरतात, आणि कंद कुजतो.

हा खटाटोप दर वेळी करायची गरज नाही. वेळेवर आणि निचऱ्याच्या जमिनीत लावलेला कंद आपलं आपण मूळ धरतो. पण लागवडीला उशीर झाला असेल, माती चिकण असेल किंवा जुन्या साठ्यातले कोणते कंद जिवंत आहेत याची शंका असेल, तर आधी मुळं फोडून घेणं फायद्याचं.

सुरुवात अंगठ्याने चकती दाबून करा. ती मऊ लागली किंवा कंदाला आंबूस वास आला तर आत फ्युझेरियम बुरशी शिरलेली असते. असा कंद फेकायचाच. ट्यूलिपचा असा एक कंदसुद्धा इथिलीन वायू सोडतो आणि शेजारच्या कंदांतल्या कळ्या आतच करपतात. सालीवर नुसती निळसर बुरशी असेल आणि कंद टणक असेल, तर ती पुसून कंद वापरायला हरकत नाही. हायसिंथ हाताळताना हातमोजे घाला. त्यातल्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे कातडीला खाज सुटते.

चकतीभोवतीची सुकी साल तेवढी सोलून काढा. उथळ ट्रेमध्ये ४-५ सेंटिमीटर थर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि पर्लाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र खडे) यांच्या मिश्रणाचा. मूठभर मिश्रण घट्ट पिळलं की बोटांतून जेमतेम एखादा थेंब यावा. धार लागली तर पाणी जास्त झालं. कंद सरळ उभे ठेवून साधारण १ सेंटिमीटर रोवा, एकमेकांना टेकू देऊ नका. वर वर्तमानपत्र पसरा. प्लॅस्टिकने गच्च झाकलं की आत वाफ धरते आणि बुरशी येते.

तापमान मात्र जातीप्रमाणे. ट्यूलिप, हायसिंथ, डॅफोडिल यांना ७ ते १० अंश सेल्सिअस लागतं. या गारव्यात पानं दबून राहतात आणि मुळं पुढे निघतात, हाच तर यातला डाव. ऊब मिळाली की उलट होतं: कोंब वर धावतो, खाली मुळं नसतात आणि फूल देठातच अडकतं. फ्रिजमध्ये ठेवणार असाल तर सफरचंद, केळी बाहेर काढा, कारण पिकणारी फळंही इथिलीन सोडतात. ग्लॅडिओलस आणि निशिगंध उबेतले गडी; त्यांना २० ते २५ अंश द्या.

रॅननक्युलस या दाट पाकळ्यांच्या फुलझाडाची गोष्ट निराळी. त्याचे खेकड्याच्या नांगीसारखे सुकलेले गड्डे ३-४ तास साध्या पाण्यात बुडवायचे, फुगून जवळजवळ दुप्पट झाले की लगेच काढायचे. रात्रभर ठेवले तर प्राणवायूअभावी आतून सडतात. मग नांग्या खाली करून ओलसर मिश्रणात, १० अंशांच्या आसपास दहा-बारा दिवस. अधूनमधून उकरून पाहा आणि मऊ पडलेला गड्डा तेव्हाच उचला.

एक-दोन आठवड्यांनी कंद हलकेच उचलून बघा. चकतीच्या कडेने टाचणीच्या डोक्याएवढे पांढरे फुगवटे गोलाकार उठलेले दिसतील. ते अर्धा सेंटिमीटर झाले की लावायची वेळ झाली. आणखी थांबण्याचा मोह नको. ट्यूलिप आणि हायसिंथच्या मुळांना सहसा फाटे फुटत नाहीत, आणि मोडलेल्या मुळाच्या जागी नवं येत नाही. म्हणून लावताना कंद खड्ड्यात दाबू नका. तळाला भुसभुशीत माती टाका, त्यावर कंद नुसता टेकवा, बाजूंनी माती सोडा आणि ती बसवायचं काम पाण्यावर सोपवा.