जळजळ रात्रीच का वाढते?

नोकरीसाठी लोकलने लांबचा प्रवास करणाऱ्या कितीतरी जणांचं रात्रीचं जेवण साडेदहाला होतं आणि अकराला पाठ टेकते. मग दीड-दोनच्या सुमारास घशाशी आंबट पाणी येतं, छाती जळायला लागते. सकाळी सगळे म्हणतात, ‘पित्त वाढलंय.’ खरं तर अशा बहुतेकांच्या जठरात आम्ल नेहमीइतकंच तयार होत असतं. ते भलत्या जागी पोचतं, हा त्रास आहे.

अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंची गोल झडप असते. घास उतरला की ती मिटते, पण जठर तुडुंब भरलं की मधूनमधून आपोआप सैल पडते. ढेकर येतो तोही याच वाटेने. जठराला आतून श्लेष्माचा थर असतो, म्हणून इतकं तीव्र आम्ल त्याला सोसतं. अन्ननलिकेला तसं चिलखत नाही. आपण उभे असताना वर आलेलं आम्ल पुन्हा खाली ओघळतं, उरलंसुरलं लाळ धुऊन काढते. झोपेत लाळ कमी सुटते, गिळणं जवळजवळ थांबतं आणि आम्ल तिथेच रेंगाळतं.

म्हणून काय खाल्लं याच्याइतकंच कधी खाल्लं आणि कसं झोपलात हेही बघायला हवं. जेवण आणि झोप यांत ३ तास जाऊ द्यावेत. नाहीच जमलं तर संध्याकाळी सहा-सातला पोळीभाजी खाऊन घ्यावी आणि रात्री थोडा ताकभात. झोपताना डावी कूस धरावी. या कुशीवर जठरातलं आम्ल झडपेच्या खालच्या पातळीवर राहतं, उजव्या कुशीवर ते थेट झडपेशी येतं. वामकुक्षी डाव्या कुशीवर घेतात, ते या दृष्टीने योग्यच आहे. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली ६ ते ८ इंच उंचीचे लाकडी ठोकळे ठेवावेत. दोन-तीन उशा रचून हे साधत नाही. त्याने शरीर कमरेत वाकतं आणि पोट उलट दाबलं जातं.

खाण्यात प्रत्येकाचं वैरी वेगळं. तेलकट पदार्थांनी मात्र बहुतेकांचं जठर उशिरा रिकामं होतं. उपवासाला साबुदाणा वडे, भरपूर दाण्याचं कूट आणि वर चहा, हा बेत त्यामुळेच बाधतो. थंड दुधाने बरं वाटतं ते तात्पुरतं. त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुन्हा आम्ल स्रवायला लावतात. पोटाचा घेर कमी करणं आणि तंबाखू सोडणं याला पर्याय नाही.

छातीतलं दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, दरदरून घाम फुटत असेल, तर सोडा पीत बसू नका, तडक रुग्णालय गाठा. घास अडकणं, काळी शौच, आपोआप घटणारं वजन यांसाठीही डॉक्टरांकडे जायलाच हवं.

गोळ्यांबाबत फार गैरसमज आहेत. १९८८ साली बाजारात आलेलं ओमेप्राझोल आणि त्याच्या कुळातलं पँटोप्राझोल जठरातले आम्ल सोडणारे पंप बंद करतात, पण फक्त चालू असलेले. हे पंप जेवणाने चालू होतात. म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायची. जळजळ सुरू झाल्यावर घेतली तर तिचा लगेच उपयोग होत नाही. पूर्ण परिणामाला काही दिवस लागतात. तातडीचा आराम हवा असेल तर अँटासिड. नेहमीचा कोर्स ८ आठवड्यांचा असतो. वर्षानुवर्षं मनानेच गोळ्या घेत राहिल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकतं. एकदम बंद केल्यास काही आठवडे आम्ल नेहमीपेक्षा जास्त सुटू शकतं, त्यामुळे डोस कसा कमी करायचा ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.