फुगूच्या ताटामागचा कायदा

शिमोनोसेकी किंवा ओसाकातल्या जुन्या जपानी खानावळीत फुगू या फुगणाऱ्या विषारी माशाचं जेवण मागवलं, की आधी येते 'तेस्सा'ची ताटली. कच्च्या माशाचे काप इतके पातळ, की खालच्या ताटलीवरची नक्षी आरपार दिसते. मांडणी शेवंतीच्या फुलासारखी. सोबत पोन्झू (सोया सॉस आणि आंबट फळांच्या रसाची चटणी), लाल मिरची घालून किसलेला मुळा आणि बारीक चिरलेली कांद्याची पात. चव अगदी सौम्य. मजा आहे ती चावण्यात. मासा साफ केला की कापडात गुंडाळून साधारण दिवसभर मुरू देतात, नाहीतर तो पातळ कापूनही चिवट लागतो. मग तेच्चिरी, म्हणजे भाज्यांसोबत टेबलावरच उकळणारा मासा, आणि शेवटी त्याच पाण्यात शिजवलेला भात.

इतक्या साध्या जेवणासाठी परवानाधारक आचारी लागतो, कारण फुगूच्या यकृतात आणि अंडाशयात टेट्रोडोटॉक्सिन हे विष असतं. ते नसांकडून स्नायूंकडे जाणारा संदेशच अडवतं. माणूस शुद्धीवर असतो, पण श्वास थांबत जातो. त्यावर उतारा नाही. विषाचा अंमल ओसरेपर्यंत कृत्रिम श्वासावर ठेवणं एवढाच उपाय. आपल्याकडे मालवण-रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जाळी कुरतडणारा केंड मासा याच कुळातला. कोळी तो फेकून देतात, आणि तेच शहाणपणाचं.

जपान्यांनी मात्र तो फेकला नाही. जोमोन, म्हणजे जपानच्या प्रागैतिहासिक काळातल्या कचऱ्याच्या ढिगांतही फुगूची हाडं सापडतात. १५९२च्या सुमारास कोरियावरच्या स्वारीसाठी क्यूशूकडे निघालेले सैनिक फुगू खाऊन मरू लागले, तेव्हा तोयोतोमी हिदेयोशीने त्यावर बंदी घातली. पुढे एदो काळात (१६०३ ते १८६८) सामुराईंवरचा निर्बंध अनेक संस्थानांत राहिला. लढाईत मरायचं सोडून ताटावर मरणाऱ्या सामुराईच्या घराण्याला चोशू संस्थानात (आजचा यामागुची प्रांत) वतन गमवावं लागे, असं सांगतात. सामान्य माणूस तरीही चोरून खातच होता. ओसाकात तर या माशाला 'तेप्पो', म्हणजे बंदूक म्हणत: लागली की मेलाच! तेस्सा आणि तेच्चिरी ही नावं त्यातूनच आली.

या सगळ्या बंद्या खाणाऱ्यावर होत्या. एदो काळानंतर आलेल्या मेजी सरकारनेही १८८२ मध्ये फुगू खाणाऱ्याला कोठडीची शिक्षा ठेवली. कापणाऱ्याला काय येतं, हे कुणी विचारलंच नाही.

कलाटणी मिळाली यामागुचीतल्या शिमोनोसेकीच्या शुनपानरो या खानावळीत. गोष्ट अशी सांगतात: पंतप्रधान इतो हिरोबुमी मुक्कामाला आले, समुद्र खवळलेला, बाजारात मासा नाही. मालकीणबाईंनी शिक्षेची तयारी ठेवून फुगू वाढला. इतो त्याच मुलखातले. तरुणपणी त्यांनी तो चाखला असावा, असा लोकांचा कयास. खूश होऊन त्यांनी १८८८ मध्ये यामागुची प्रांतापुरती बंदी उठवायला लावली आणि शुनपानरो पहिली अधिकृत फुगू खानावळ ठरली. याच जागी १८९५ मध्ये चीन-जपान तह झाला. मूळ इमारत १९४५च्या हवाई हल्ल्यात जळली, नंतर पुन्हा बांधली गेली.

परवान्याची पद्धत खरी रुजली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. ओसाकाने १९४८ मध्ये आणि तोक्योने पुढच्याच वर्षी नियम केले. जात ओळखणं, विषारी अवयव वेगळे काढणं, ते कुलपात ठेवून नष्ट करणं ही आचाऱ्याची जबाबदारी झाली. तरी फट राहिलीच. जानेवारी १९७५ मध्ये क्योतोत काबुकी या पारंपरिक जपानी नाट्याचे नट बांदो मित्सुगोरो आठवे यांनी यकृताचे चार वाटे खाल्ले आणि ते गेले. राष्ट्रीय सन्मान मिळालेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं आचाऱ्याला जमलं नसावं, पण न्यायालयाने दोषी त्यालाच धरलं. १९८३ मध्ये सरकारने कोणत्या जातीचा कोणता अवयव खाता येईल याची देशभरासाठी यादीच केली. यकृत त्यात नाही.

हे विष फुगू स्वतः तयार करत नाही, खाद्यातून साठवतो. त्यामुळे ठरावीक खाद्यावर पाळलेला फुगू निर्विष निघू शकतो. सागा प्रांतातून अशा माशाच्या यकृताला परवानगी मागितली गेली, ती सरकारने नाकारली. अंडाशय मात्र इशिकावा प्रांतात विकतात: आधी वर्षभर किंवा अधिक काळ मिठात, मग तांदळाच्या कोंड्यात तितकाच काळ मुरवून, विष तपासून.