नदी लांब आहे, पण नाला?

सांगलीत प्लॉट दाखवणारा एजंट हमखास सांगतो, “नदी इथून तीन किलोमीटर. पुराची काळजीच नको.” घेणाऱ्याची शंका उरते ती वेगळीच, उतार ईशान्येला आहे ना! वास्तुशास्त्रातली ईशान्य पाण्याला ठाऊक नसते, त्याला फक्त खालची बाजू कळते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ५७ फूट ओलांडले. धोक्याची पातळी ४५. नदी अशी चढली की नाल्यांचं पाणी तिच्यात उतरत नाही, उलट नदीच नाल्यांतून वस्तीत शिरते.

म्हणून नगररचनेला अंतरापेक्षा उंचीचा नकाशा हवा. सन २००० मध्ये एन्डेव्हर यानाने ११ दिवसांच्या मोहिमेत रडारने जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजली. त्यातून साधारण ३० मीटरचे चौकोन मिळाले, प्रत्येकाला उंचीचा एक आकडा.

खरी मजा पुढे आहे. प्रत्येक चौकोनाला आठ शेजारी. उंचीतला फरक भागिले अंतर (तिरक्या शेजाऱ्याचं अंतर १.४१ पट) हे गणित आठही बाजूंना करायचं आणि सर्वांत तीव्र उताराकडे बाण काढायचा. मग एकेका चौकोनात वरच्या किती चौकोनांचं पाणी येतं ते मोजायचं. हा आकडा ठरावीक मर्यादेपुढे गेला की तिथे नाला, मग त्यावर आज बंगले का असेनात. आता आपल्या प्लॉटपासून बाण धरून नाल्यापर्यंत उतरा आणि दोन्ही उंचींची वजाबाकी करा. उत्तर दोन मीटर आलं, तर नाला तिथे दोन मीटर फुगेपर्यंतच आपण कोरडे.

गोची अशी की बाण अडकू नयेत म्हणून संगणक आधी सगळे खड्डे चुकीचे समजून बुजवतो. सांगलीतल्या शामरावनगरसारखा खरोखरच खोलगट, दर पावसाळ्यात तुंबणारा भाग त्यात सपाट होऊन जायचा! शिवाय रडारला छपरं आणि झाडांचे शेंडेही जमीनच वाटतात. चूक काही मीटरची होते, आणि सांगलीच्या सपाटीवर एकेक फूट महत्त्वाचा. त्यामुळे ‘उपग्रह आणि एआयने तुमच्या घराचा पूर ओळखा’ असल्या जाहिराती सोडून द्याव्यात.

ड्रोनवरच्या लेसरने मोजणी बरीच अचूक होते. पण रस्त्याखालची मोरी त्यालाही दिसत नाही, भराव मात्र बंधाऱ्यासारखा दिसतो. प्रत्येक मोरी कुठे, किती रुंद आणि गाळाने किती भरलेली, ही यादी कुणीतरी पायी फिरूनच करावी लागते.