पहिल्या पिढीचा अर्जदार आणि शंभरात चाराचा आधार

घरातून पहिल्यांदाच पदवीच्या वाटेला लागलेल्या विद्यार्थ्यांचे आपण विशेष स्वागत करतो, असे अमेरिकेतील निवडक, म्हणजे अर्जदारांपैकी मोजक्यांनाच प्रवेश देणारी, महाविद्यालये आवर्जून सांगतात. हे स्वागत प्रवेशाच्या निर्णयात नेमके किती उतरते, हे तपासण्याचे काम प्रिन्स्टन विद्यापीठाचे माजी अध्यक्ष विल्यम बोवेन यांनी दोन सहकाऱ्यांसह केले. त्यांचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले.

मेरिट लिस्ट, कटऑफ आणि कॅप राउंड यांची सवय असलेल्या आपल्या वाचकाला असा प्रश्नच चमत्कारिक वाटेल, कारण आपल्याकडे कोणत्या प्रवर्गाला किती जागा हे कायद्याने ठरलेले असते आणि यादी सर्वांसमोर लागते. अमेरिकेत मात्र सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली ॲलन बाकी या अर्जदाराच्या खटल्यात वंशावर आधारित राखीव जागा अमान्य केल्या आणि वंश हा अनेक घटकांपैकी एक म्हणून विचारात घेण्यास तेवढी मुभा ठेवली. निवडक महाविद्यालयांत प्रवेश समिती गुण, शाळेत घेतलेले विषय, निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे असे सगळे एकत्र वाचून निर्णय देते. कोणत्या गोष्टीला किती वजन दिले, हे कागदावर कुठेच नसते. ते हजारो निर्णयांतून संख्याशास्त्राच्या मदतीने शोधून काढावे लागते.

त्याची रीत अशी. सॅट या महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या परीक्षेत सारखेच गुण असलेले अर्जदार घ्यायचे आणि एका बाबतीत वेगळे असलेल्यांच्या प्रवेशाच्या शक्यतेत किती फरक पडतो ते पाहायचे. बोवेन यांच्या अभ्यासात १९९५ साली प्रवेश घेऊ पाहणाऱ्यांची माहिती होती. प्रशिक्षकांनी आधीच हेरलेल्या खेळाडूंची शक्यता शंभरात ३०.२ ने वाढत होती, तर कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक अशा अल्पसंख्याक अर्जदारांची २७.७ ने. त्याच महाविद्यालयात शिकलेल्यांच्या मुलांना १९.७ चा लाभ होता. पहिल्या पिढीच्या अर्जदाराला मिळत होते ४.१, आणि सर्वांत गरीब चतुर्थांशातील घरांच्या मुलांच्या वाट्याला आले होते उणे १. याचा अर्थ असा की, निव्वळ गुणांच्या बळावर शंभरातील चाळीस जणांना प्रवेश मिळत असेल, तर त्याच गुणांच्या खेळाडूंपैकी सत्तर जणांना तो मिळत होता, पहिल्या पिढीच्या मुलांपैकी मात्र चव्वेचाळीस जणांना.

या यादीत आणखी एक आकडा आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत बोलका आहे. ठरलेल्या मुदतीच्या काही महिने आधी अर्ज करणाऱ्यांना १९.६ चा लाभ मिळत होता. वरवर पाहता यात भेदभाव काहीच नाही, लवकर अर्ज कोणीही करू शकतो. परंतु अशा अर्जाच्या एका प्रचलित प्रकारात प्रवेश मिळाल्यास तो घेण्याची हमी द्यावी लागते, म्हणजेच इतर महाविद्यालये किती शिष्यवृत्ती देतात हे पाहून मग निवड करण्याची सोय उरत नाही. शुल्काची चिंता नसलेले घर ही हमी सहज देते, तर ज्या घरात हिशोब जुळवल्याशिवाय पाऊल उचलता येत नाही, तिथले मूल मागे थांबते. घरात कोणी महाविद्यालय पाहिलेले नसेल तर अशी काही तारीख असते हे कळायलाच उशीर होतो.

वंशाचे वजन किती होते, याचा दुसरा अंदाज समाजशास्त्रज्ञ टॉमस एस्पनशेड आणि सहकाऱ्यांनी २००४ साली सॅटच्या भाषेत मांडला. १६०० पैकी मोजल्या जाणाऱ्या या परीक्षेत कृष्णवर्णीय असणे हे २३० गुण जास्त असण्याइतके, हिस्पॅनिक असणे १८५ गुणांइतके, तर आशियाई असणे ५० गुण कमी असण्याइतके ठरत होते. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातील मराठी कुटुंबांची मुले या शेवटच्या गटात मोजली जातात. आईवडील बहुधा पदवीधर असल्याने पहिल्या पिढीचा लाभही त्यांना लागू होत नाही. असे आकडे मात्र सरासरीचे असतात, कोणा एकाच्या फाइलवर असे गुण वाढवले किंवा कापले जात नाहीत.

२९ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठ यांच्या खटल्यांत निकाल दिला आणि प्रवेशात वंशाचा थेट विचार थांबला. त्यानंतरच्या पहिल्याच तुकडीत एमआयटीमधील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले, येलमध्ये मात्र ते जवळपास तेवढेच राहिले. कॅलिफोर्नियाने असा प्रयोग आधीच केला होता. तेथे १९९६ साली सार्वमताने सरकारी विद्यापीठांत वंशाचा विचार बंद झाला. अर्थशास्त्रज्ञ झॅकरी ब्लीमर यांनी दाखवून दिले की, त्यानंतर अल्पसंख्याक अर्जदार एकेक पायरी खालच्या विद्यापीठांत ढकलले गेले आणि पुढे त्यांची कमाईही घटली.

वंशाचा विचार बंद झाल्यावर ‘मग पहिल्या पिढीला प्राधान्य द्या’ ही सूचना साहजिकच पुढे आली. ती चांगली असली तरी पुरेशी नाही. एक तर पहिली पिढी म्हणजे कोण, याची व्याख्या एक नाही: कुठे आईवडिलांपैकी कोणाकडेही चार वर्षांची पदवी नसावी असे म्हणतात, तर कुठे दोघांपैकी कोणी महाविद्यालयाची पायरीही चढलेली नसावी असे. दुसरे असे की, वरचे सगळे आकडे अर्ज केलेल्यांचे आहेत. अर्थशास्त्रज्ञ कॅरोलाइन हॉक्सबी आणि ख्रिस्तोफर एव्हरी यांना आढळले की, उत्तम गुण असलेल्या गरीब विद्यार्थ्यांपैकी बहुतांश जण निवडक महाविद्यालयांत अर्जच करत नाहीत. अर्जच न आलेल्या मुलाला प्रवेश समितीचे प्राधान्य मिळणार कसे?

याबाबत मिशिगन विद्यापीठात झालेला प्रयोग मुळातून पाहण्यासारखा आहे. अर्थशास्त्रज्ञ सूझन डायनार्स्की आणि सहकाऱ्यांनी राज्यातील हुशार पण गरीब विद्यार्थी निवडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने शाळांचे दोन गट केले. एका गटातील विद्यार्थ्यांच्या घरी टपालाने पाकीट गेले. त्यातील पत्रात लिहिले होते की, प्रवेश मिळाला तर चार वर्षांचे शिक्षणशुल्क माफ, त्यासाठी आर्थिक मदतीचा कोणताही फॉर्म भरावा लागणार नाही. यातील बहुतेकांना विद्यापीठाच्या नेहमीच्या मदतीतून शुल्क तसेही भरावे लागले नसते. म्हणजे पत्राने पैसे फारसे वाढवले नव्हते, खात्री मात्र दिली होती. पत्र न मिळालेल्यांपैकी २६ टक्के जणांनी अर्ज केला, मिळालेल्यांपैकी ६८ टक्के जणांनी. प्रत्यक्ष दाखल होणाऱ्यांचे प्रमाणही १२ टक्क्यांवरून २७ टक्क्यांवर गेले. समितीच्या निकषांत यासाठी काहीही बदललेले नव्हते. पुढच्या एका प्रयोगात काही जणांना शुल्कमाफीचे हेच आश्वासन ‘आधी फॉर्म भरून पात्रता सिद्ध करा’ या अटीसह पाठवण्यात आले, तेव्हा परिणाम बराच ओसरला.